जादूची अळंबी, जाणती बाई आणि मनाचे डॉक्टर

नैराश्यावर अळंबीचे औषध निघाले आहे, हे खरे का? गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला दवाखान्यात चार-पाच जणांनी तरी विचारला. विचारणारे सगळे कॉलेजातले नव्हते. एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक होते, एक किराणा दुकानदार होते. कुणी मोबाइलवर चित्रफीत पाहिलेली, कुणाला परदेशातल्या भाच्याने सांगितलेले. 'आदिवासींना हे शेकडो वर्षे ठाऊक होते, डॉक्टरांना आत्ता कळले', असा त्या सगळ्याचा सूर. उलट आमच्या व्यवसायातले काही जण हा विषय निघाला की 'नशा आहे हो ती' एवढे बोलून पुढचा पेशंट बोलावतात. अशा उत्तराने कुणाचेच समाधान होत नाही आणि ज्याच्या घरात आजारी माणूस आहे तो मग स्वतःच शोध घेऊ लागतो. तेच मला धोक्याचे वाटते. म्हणून आजचे सदर या विषयाला.

वाचकहो, त्यासाठी आधी थोडे मेक्सिकोला जावे लागेल. त्या देशाच्या दक्षिणेकडे वाहाका नावाचे राज्य आहे. तिथल्या डोंगराळ भागात मासातेक नावाचे आदिवासी राहतात आणि वाउत्ला हे त्यांचे मोठे गाव. पावसाळा लागला की त्या डोंगरात लहान, तपकिरी रंगाच्या काही अळंब्या उगवतात. मासातेक लोक त्यांना 'पवित्र बाळे' म्हणतात. त्या भाजीसाठी नसतात. घरात कुणी आजारी पडले, आजाराचे कारण कळेना, माणूस हरवला, अशा वेळी गावातल्या एखाद्या जाणत्या व्यक्तीकडे जायचे आणि रात्री तिच्यासोबत त्या खायच्या, अशी रीत. पाश्चात्त्य अभ्यासक अशा व्यक्तीला शामान म्हणतात. मासातेक भाषेतल्या शब्दाचा अर्थ मात्र 'जाणता माणूस' असा आहे आणि आपल्या मराठीला तो सहज कळतो.

अशीच एक जाणती बाई म्हणजे मारिया साबिना. गरीब, विधवा, लिहिता-वाचता न येणारी. तिच्याकडचा विधी रात्रीच व्हायचा. त्याला स्पॅनिशमध्ये 'वेलादा' म्हणतात, म्हणजे जागरण. आधी काही दिवस पथ्य, त्यात ब्रह्मचर्यही आले. घरातल्या देव्हाऱ्यापुढे मेणबत्त्या, धूप. अळंब्या जोडीजोडीने मोजून द्यायच्या. रुग्णाबरोबर ती स्वतःही खायची आणि बहुधा जास्तच खायची. मग दिवे विझवायचे आणि पहाटेपर्यंत ती गात, टाळ्या वाजवत, संतांची नावे घेत राहायची. रुग्णाचे नातेवाईक, कधी शेजारीही त्याच खोलीत बसलेले असायचे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. आपण ज्याला नैराश्य किंवा डिप्रेशन म्हणतो, त्या नावाच्या आजारावर मारिया साबिना औषध देत नव्हती. तिचा विधी बव्हंशी निदानाचा होता. आजार कशाने आला, माणूस वाचणार की नाही, हे अळंबी तिच्या तोंडून सांगते अशी श्रद्धा. १९५८ साली एका आजारी किशोरवयीन मुलासाठी झालेल्या विधीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्या रात्री निकाल आला की मुलगा वाचणार नाही. पुढे तो गेलाही. तेव्हा 'आदिवासी या अळंबीने डिप्रेशन बरे करत' हे जे सांगितले जाते, ते आपल्या सोयीचे भाषांतर आहे.

या गावाची गोष्ट बाहेर नेली ती रॉबर्ट गॉर्डन वॉसन या न्यूयॉर्कच्या बँक अधिकाऱ्याने. अळंब्यांचा त्याला नाद होता. त्याची पत्नी रशियन वंशाची बालरोगतज्ज्ञ, आणि हा छंद तिच्यामुळेच लागलेला. १९५५ च्या जूनअखेरीस एका रात्री मारिया साबिनाने त्याला विधीत घेतले. १९५७ च्या मे महिन्यात 'लाइफ' साप्ताहिकात त्याने सचित्र लेख लिहिला. बाईचे आणि गावाचे नाव त्याने बदलले होते, पण ते झाकून राहिले नाही. साठच्या दशकात वाउत्लाच्या वाटेवर परदेशी तरुणांची रीघ लागली. पाठोपाठ पोलीस आले. बाईचे घर जाळले गेले, तिला काही काळ अटकही झाली. परके लोक आल्यापासून अळंबीचे बळ गेले, असे ती शेवटपर्यंत म्हणे. १९८५ साली ती वारली तेव्हाही गरीबच होती. ज्या औषधावर आज मोठमोठ्या कंपन्या पैसा लावत आहेत, त्याचे हे उगमस्थान. ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

आता प्रयोगशाळेकडे वळू. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात सँडोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. एल.एस.डी. हे द्रव्य त्यांनीच शोधलेले. त्यांच्याकडे या अळंब्या तपासायला आल्या, तेव्हा नेमका कोणता घटक काम करतो हे कळावे म्हणून त्यांनी ३२ वाळक्या अळंब्या स्वतः खाल्ल्या! (त्या काळचे शास्त्रज्ञ असे काही करत. आज कोणी करू नये.) १९५८ साली त्यांनी मूळ द्रव्य वेगळे काढले. त्याला सायलोसायबिन असे नाव दिले. शरीरात गेल्यावर त्याचे सायलोसिन होते आणि ते मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका विशिष्ट ग्राहकाला जाऊन चिकटते. नैराश्याच्या नेहमीच्या अनेक गोळ्यांचा संबंधही याच सेरोटोनिनशी, पण त्या वेगळ्या मार्गाने आणि हळूहळू काम करतात. सायलोसायबिनने मात्र सहा-एक तास माणसाचे पाहणे, ऐकणे, वेळेचे भान, 'मी'पणाची जाणीव, सगळेच बदलते.

यानंतरचा प्रसंग मला या सबंध इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. १९६२ साली हॉफमन गोळ्या घेऊन थेट वाउत्लाला मारिया साबिनाकडे गेले. बाईने विधी मांडला आणि अळंबीच्या जागी गोळ्या घेतल्या. अर्धा तास झाला तरी काही होईना, तेव्हा नाराजी दिसू लागली. अळंबी चावताना तोंडातूनच थोडी शोषली जाते, गोळीला पोटात विरघळायला वेळ लागतो, हे हॉफमन यांच्या ध्यानात आले. आणखी गोळ्या दिल्या आणि मग विधी पहाटेपर्यंत चालला. निघताना बाईने सांगितले की गोळीत अळंबीइतकेच बळ आहे, काही फरक नाही. हॉफमन यांनी दिलेली गोळ्यांची बाटली तिने आनंदाने ठेवून घेतली, कारण आता अळंबीचा हंगाम नसतानाही तिला लोकांचे पाहता येणार होते.

या प्रसंगाचा एकच अर्थ लोक काढतात, की द्रव्य तेच, म्हणजे गोळी पुरेशी. मी त्यात आणखी काही पाहतो. त्या रात्री गोळी कोणत्या खोलीत घेतली गेली? तीच खोली, तोच देव्हारा, तेच पथ्य, तेच गाणे आणि मुख्य म्हणजे तीच बाई. बदलले होते फक्त द्रव्याचे रूप. बाकीचे सगळे काढून टाकून नुसती गोळी दिली तर काय होईल, हे त्या रात्री कोणी तपासलेच नव्हते.

आपल्याकडच्या एका वनस्पतीशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होईल. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे वेडावर, निद्रानाशावर पूर्वापार वापरत. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिच्यावर शास्त्रीय लेख लिहिला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिचा उपयोग इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष वेधले. १९५२ साली त्याच बाझल शहरात, सिबा कंपनीत, तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले गेले. दोन वर्षांत ते न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयातही पोचले. सर्पगंधेच्या बाबतीत वैद्य मागे राहिला तरी गोळीचे अडले नाही. कोणीही दिली, कुठेही घेतली, तरी रक्तदाब उतरायचा. अळंबीचे तसे नाही. तिथे गोळीबरोबर खोलीही न्यावी लागते, आणि हे डॉक्टरांना अनुभवाने शिकावे लागले.

मध्ये बराच काळ हे संशोधन जवळजवळ थांबले होते. नशेसाठी होणारा वापर वाढला, १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने सायलोसायबिन सर्वांत कडक यादीत गेले. पुढे नव्या शतकात काम पुन्हा सुरू झाले. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०१६ साली ५१ कर्करुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मरणाच्या भीतीने आणि उदासीने खचलेली ही माणसे. पुरेशी मात्रा मिळालेल्यांपैकी बहुतेकांना सहा महिन्यांनंतरही आराम टिकून होता. पुढचा मोठा अभ्यास २०२२ सालचा. दोन-तीन औषधे घेऊनही न हटलेल्या नैराश्याचे २३३ रुग्ण घेतले. काहींना २५ मिलिग्रॅम, काहींना १०, तर काहींना नाममात्र १ मिलिग्रॅम असा एकच डोस दिला. तीन आठवड्यांनी २५ मिलिग्रॅमवाल्यांपैकी ३७ टक्के लोकांत लक्षणे निम्म्याने किंवा अधिक उतरली होती, १ मिलिग्रॅमवाल्यांत १८ टक्के. बारा आठवड्यांपर्यंत हा गुण टिकलेले अनुक्रमे २० आणि १० टक्के.

हे आकडे नीट वाचा. गुण आहे, यात शंका नाही. पण शंभरातल्या साठ जणांना पुरेसा आराम पडला नाही आणि ज्यांना पडला त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा टिकला नाही. शिवाय आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करणे हे प्रकार तिन्ही गटांतल्या काही रुग्णांत दिसले. २०२१ साली लंडनमध्ये ५९ रुग्णांवर सायलोसायबिनची तुलना एस्सिटालोप्रामशी, म्हणजे आपल्या गावातल्या मेडिकलमध्येही चिठ्ठीवर मिळणाऱ्या नैराश्याच्या गोळीशी केली. ठरवलेल्या मुख्य मोजमापात दोहोंत ठळक फरक आढळला नाही. आणखी एक अडचण आहे. साखरेची गोळी आणि खरे औषध यांतला फरक रुग्णाला कळू नये, हा औषधांच्या चाचणीचा नियम. पण इथे ज्याच्या डोळ्यांपुढे भिंती हलू लागतात, त्याला आपल्याला काय मिळाले ते सांगावे लागत नाही! त्यामुळे आशेचा वाटा किती आणि औषधाचा किती, हे वेगळे काढणे कठीण जाते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून अधिकार दिलेल्या मानसोपचारतज्ज्ञांना, न हटणाऱ्या नैराश्यासाठी हे औषध वापरण्याची मुभा दिली, तीही कडक अटींवर.

आता या चाचण्यांत रुग्णाला गोळी कशी देतात ते पाहा. आधी दोन-तीन बैठका, ओळख, मनाची तयारी. मग एक शांत खोली, मऊ प्रकाश, पलंग. डोळ्यांवर पट्टी, कानाला संगीत. दोन प्रशिक्षित माणसे सहा ते आठ तास जवळ बसून राहतात. रुग्ण घाबरला, रडू लागला तर हात धरतात. दुसऱ्या दिवशी आणि पुढेही, जे दिसले-जाणवले त्यावर बोलणे होते. वाचकहो, हे वर्णन ओळखीचे वाटत नाही का? पथ्याच्या जागी तयारीच्या बैठका आल्या, गाण्याच्या जागी ध्वनिमुद्रित संगीत आले, जाणत्या बाईच्या जागी दोन मदतनीस आले. डॉक्टर मंडळी द्रव्य घेऊन निघाली होती, फिरून पुन्हा जागरणाच्या खोलीत आली. एक फरक मात्र उरलाच. मासातेक रुग्णाचे आप्त रात्रभर त्याच्या उशाशी असत आणि सकाळी तो त्यांच्यातच उठे. चाचणीतला रुग्ण संध्याकाळी आपल्या घरी जातो, तिथे कोणी आहे का हे ज्याचे त्याने बघायचे.

मग डॉक्टरांकडे असे काय आहे जे त्या बाईकडे नव्हते? मोजलेली मात्रा आहे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणाला द्यायचे नाही याची यादी आहे. ज्याला स्वतःला किंवा घरात जवळच्या कोणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार किंवा बायपोलर म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा विकार आहे, त्याला या चाचण्यांत बहुधा घेतच नाहीत. हे द्रव्य अशा माणसाचा आजार उफाळून आणू शकते. नैराश्याच्या चालू गोळ्याही आधी देखरेखीखाली हळूहळू उतरवतात.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण मला आलेले एक पत्र. एका वडिलांनी लिहिले आहे की त्यांचा सव्वीस वर्षांचा मुलगा चार वर्षे लिथियमच्या गोळीवर ठीक होता, नोकरीही करत होता. आता कुठेतरी वाचून 'या रासायनिक गोळ्या नकोत, मी नैसर्गिक औषध घेणार' म्हणून त्याने गोळी बंद केली आहे आणि कुरिअरने काहीतरी मागवण्याच्या बेतात आहे. या वडिलांना मी पोस्टाने उत्तर दिलेच, पण इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून इथे लिहितो. लिथियम अचानक थांबवले की उन्माद उलटण्याचा धोका मोठा असतो, आत्महत्येचाही वाढतो. आणि लिथियम अंगात असताना असे द्रव्य घेतले तर फिट येऊ शकते. परदेशात लोकांनी स्वतः नोंदवलेल्या अशा अनुभवांचा अभ्यास झाला, तेव्हा लिथियमबरोबर घेतलेल्या जवळजवळ निम्म्या प्रसंगांत फिट आल्याचे आढळले. म्हणजे गोळी चालू ठेवून घेणेही घातक आणि ती सोडून घेणेही घातक. दक्षिण अमेरिकेतला 'आयावास्का' नावाचा काढाही हल्ली चर्चेत असतो. त्यातल्या वेलीचे घटक नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांशी भिडून सेरोटोनिन बेसुमार वाढवू शकतात, त्यात ताप, झटके येऊन जीवही जाऊ शकतो. कुरिअरने आलेल्या पुडीबरोबर ना जाणती बाई येते, ना डॉक्टरची यादी. आणि आपल्या १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत सायलोसायबिनचे नाव असल्याने पोलीस मात्र येऊ शकतात.

अशा मुलाशी भांडू नये. 'तुला यातून काय मिळेल असे वाटते?' हे आधी विचारावे. बहुतेक वेळा उत्तर निघते की गोळीने हात थरथरतात, वजन वाढले, मन बोथट झाले. यांवर इलाज आहेत: रक्तातले लिथियम मोजता येते, मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते. हट्टी नैराश्यालाही आपल्या आवाक्यात उपाय आहेत. पुष्कळ रुग्णांना गोळी पुरेशा मात्रेत आणि चार-सहा आठवडे दिलेलीच नसते, मग 'औषध लागू पडले नाही' असा शिक्का बसतो. समुपदेशनाची जोड देता येते. भूल देऊन केली जाणारी विद्युत उपचारपद्धती सिनेमावाल्यांनी बदनाम केली, पण जीव वाचवणारी आहे. कितीतरी वर्षे भुलीसाठी वापरात असलेले केटामाइनही निवडक रुग्णांत तज्ज्ञ वापरतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते, पैसे लागत नाहीत.

शेवटी पावसाळ्याचे. जादूची अळंबी म्हणून रानातली कुठलीही छत्री तोंडात घालणारे निघतात. काही विषारी अळंब्यांची लक्षणे सहा ते चोवीस तासांनी सुरू होतात, उलट्या-जुलाब होऊन मध्ये बरे वाटते आणि मग यकृत निकामी होते. शिजवल्याने ते विष जात नाही. धोतराही त्याच पंगतीला बसवला जातो. त्याची जात अगदी वेगळी. त्याने तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापते, माणूस बरळतो, कपडे ओढतो आणि त्या अवस्थेतले त्याला पुढे बहुधा आठवतही नाही. असे काही पोटात गेल्याचे कळले तर लक्षणांची वाट पाहू नये, मिठाचे पाणी पाजून उलट्या काढत बसू नये. रुग्णाला एकटे न सोडता लगेच रुग्णालयात आणावे आणि उरलेली अळंबी किंवा बिया कागदात गुंडाळून बरोबर आणाव्यात. अळंबी प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, ती सडते आणि मग ओळखता येत नाही.